अंगठा टेकवण्याआधी

(म्हसा, ता. मुरबाड येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

 

या व्याख्यानमालेत इतिहासावर, शेतीवर, संतवाङ्मयावर बोलणारी मोठी माणसं येऊन गेली. मी फोन दुरुस्त करतो. पण ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते गुरुजी रात्री कंदिलाच्या उजेडात मोठ्या माणसांचे वर्ग घ्यायचे, आणि त्यांचा पहिला धडा ‘अ’चा नसायचा. ते एक कागद पुढे धरायचे आणि विचारायचे, ‘यावर अंगठा द्याल का?’ कोणी हो म्हटलं की पुढचा प्रश्न, ‘काय लिहिलंय ते कळलं का?’ शहापूर-मुरबाडच्या या पट्ट्यात न वाचलेल्या कागदावरच्या अंगठ्याने किती जमिनी गेल्या, किती माणसं वेठीला लागली, हे इथल्या जुन्या माणसांना मी सांगायला नको.

आज मला त्याच अंगठ्याबद्दल बोलायचं आहे. कागद तेवढा बदलला, आता तो काचेचा झाला आहे.

विषय दिला आहे ‘फोनमधला कचरा आणि फोनमधल्या संशयास्पद हालचाली’. दोन वेगळे विषय वाटतात ना? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. टेबलावर येणारे फोन उघडून बघता बघता कळलं की पहिल्या दारातूनच दुसरा आत येतो. म्हणून आधी कचऱ्यापासून सुरुवात करू.

गेल्या खरिपात एक दादा माझ्याकडे आले. भात निसवलं होतं, ई-पीक पाहणीची मुदत संपत आली होती. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ही पद्धत राज्यभर सुरू झाली, तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या शेतात उभं राहायचं, पिकाचा फोटो आपणच काढायचा, आणि पीक सातबाऱ्यावर आपणच चढवायचं. ती नोंद नसली तर धान खरेदी केंद्रावर नोंदणी करताना अडतं, नुकसानभरपाईच्या वेळीही अडतं. दादा बांधावर उभे राहिले, कॅमेरा उघडला, तर फोन म्हणाला, ‘जागा नाही.’ उभं पीक डोळ्यांसमोर आहे आणि ते सरकारला दाखवता येत नाही. का? तर फोनमध्ये फोटोएवढीसुद्धा जागा उरली नाही.

मी फोन हातात घेतला नाही. त्यांच्याच हातात ठेवला आणि म्हटलं, ‘दादा, तुम्हीच उघडा. सेटिंग्ज, मग स्टोरेज.’ ३२ जीबीचा फोन. त्यातली बरीचशी जागा अँड्रॉईड आणि कंपनीने आधीच भरून दिलेली ॲप घेतात, उरलेल्यात आपला संसार. त्या उरलेल्यातला सर्वात मोठा कप्पा व्हॉट्सॲपचा निघाला. ‘आता व्हॉट्सॲपच्या आत जा. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज.’ तिथे व्हॉट्सॲपने स्वतःच दोन ढीग घालून ठेवलेले असतात. एक पाच एमबीपेक्षा मोठ्या फायलींचा, दुसरा अनेकदा फॉरवर्ड झालेल्यांचा. दुसरा ढीग उघडला आणि दादा गप्प झाले. सूर्योदय, गुलाब, वाफाळता चहा, शुभ सकाळ, शुभ रात्री, संकष्टीच्या शुभेच्छा. एकच गणपती तीन ग्रुपमधून आलेला. ‘हे मी ठेवलंय?’ असं त्यांनी विचारलं. त्यांनी ठेवलं नव्हतं. आपोआप उतरत गेलं आणि राहिलं.

हे त्यांच्या एकट्याचं नाही. गुगलने २०१७ च्या डिसेंबरात दिल्लीत ‘फाइल्स गो’ नावाचं ॲप आणलं, ते मुख्यतः आपल्यासारख्यांच्या भरलेल्या फोनसाठी. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये आपल्या ‘गुड मॉर्निंग’वर बातमी आली. भारतात तीनपैकी एका स्मार्टफोनची जागा रोज संपते आणि अमेरिकेत दहापैकी एकाची, असं तिच्यात होतं. मला त्या बातमीचा राग आला होता. सकाळी उठून चार माणसांची आठवण काढणं हा काही आपला दोष नाही. आठवण काढा, जरूर काढा. फक्त व्हॉट्सॲपमधलं मीडिया आपोआप उतरवणं बंद करा, म्हणजे जे बघायचं तेवढंच फोनमध्ये येईल.

आणखी दोन-तीन जागा सांगतो, कारण त्या सहसा कोणी बघत नाही. गॅलरीतला व्हिडिओ आपण व्हॉट्सॲपवर पाठवला की त्याची एक प्रत ‘सेंट’ नावाच्या कप्प्यात राहते. बारशाचा मूळ व्हिडिओ एक, पाठवलेला आणखी एक. व्हॉट्सॲप आपल्या गप्पांची प्रत फोनमध्ये काढून ठेवतं, तीही सात-सात दिवसांची. गॅलरीतून पुसलेले फोटो लगेच जात नाहीत, महिनाभर ‘ट्रॅश’मध्ये पडून असतात. आणि ‘डाउनलोड’ हा कप्पा. सातबाऱ्याची तीच पीडीएफ पाच वेळा, रेशनचा कागद, मुलाचा निकाल, आणि कधीतरी उतरलेली एखादी एपीके फाईल. या शेवटच्या फाईलकडे आपण परत येणार आहोत, ती लक्षात ठेवा.

आता ‘कॅशे’. हा शब्द सगळ्यांनी ऐकला आहे, आणि सगळे तो कचरा समजतात. मी वेगळं सांगतो. आपण रोपासाठी राब भाजतो. पालापाचोळा, टहाळं, शेण पसरतो आणि पेटवतो. शहरातून आलेला माणूस म्हणेल, वाफ्यात एवढा कचरा कशाला टाकलाय? आपल्याला माहीत आहे, त्याच्यावर रोप उभं राहतं. कॅशे तसंच आहे. ॲपने एकदा आणलेली चित्रं, नकाशे, अक्षरं पुन्हा लागतील म्हणून जवळ ठेवलेली असतात. रोज सकाळी कॅशे साफ केलं तर ॲप ते सगळं पुन्हा ओढून आणतं. डेटा जातो, बॅटरी जाते, आणि संध्याकाळी कॅशे जागच्या जागी. २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉईड आठपासून तर प्रत्येक ॲपच्या कॅशेला मर्यादा आहे. जागा कमी पडली की फोन आपणहून ते कापतो. एखादं ॲप अडखळत असेल, फारच फुगलं असेल, तर त्याचं कॅशे जरूर साफ करा, नुकसान होत नाही. पण त्याच्या शेजारचं ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ बटण वेगळं आहे. ते दाबलं तर ॲप नव्याने टाकल्यासारखं कोरं होतं. रेंज नसताना जे ॲप माहिती फोनमध्ये साठवून ठेवतं, त्यातली न पाठवलेली माहितीही जाते. सिद्धगडाच्या बाजूच्या पाड्यांवर रेंज कशी असते ते तुम्ही जाणता. दिवसभर भरलेले फॉर्म एका बोटात गेल्यावर रडणारी आशाताई मी पाहिली आहे. म्हणून म्हणतो, दोन बटणं, दोन अर्थ. वाचा, मग दाबा.

फोन भरला की मंद का होतो, हेही समजून घेतलं पाहिजे. फोनची साठवण फ्लॅश मेमरीची असते. तिच्यात लिहिलेल्यावर सरळ पुन्हा लिहिता येत नाही. आधी एक अख्खा गट रिकामा करून पुसावा लागतो, मग लिहायचं. जागा मोकळी असेल तर फोन कोऱ्या गटावर लिहून मोकळा होतो. जागा नसेल तर इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे. खळं पेंढ्याने गच्च भरलं असेल तर झोडणी करणार कुठे? भारे हलवण्यातच दिवस जातो. आणि याहून वाईट गोष्ट म्हणजे जागा नसलेला फोन अपडेट घेत नाही. अपडेट म्हणजे नुसते नवे रंग नव्हेत. भिंतीला पडलेली भोकं बुजवण्याचं काम त्यातून होतं. भरलेला फोन म्हणजे भोकं न बुजवलेला फोन. कचऱ्याच्या दारातून चोर येतो असं मघाशी म्हणालो, त्याची ही पहिली फट.

दुसरी फट जास्त मोठी आहे.

फोन अडकतो, माणूस घाबरतो, आणि नेमकी तेव्हाच एक जाहिरात समोर येते. लाल पट्टी, थरथरणारं चित्र, ‘तुमच्या फोनमध्ये तेरा व्हायरस सापडले, ताबडतोब साफ करा.’ किती जणांनी पाहिली आहे? हात वर करा... बघा, जवळजवळ सगळेच. आता मला सांगा, हे तेरा कोणी मोजले? ब्राउझरमधलं पान तुमच्या ओटीवर उभं असतं. माजघरात काय ठेवलंय ते त्याला दिसत नाही, दिसू शकत नाही, कारण फोनची रचनाच तशी केलेली आहे. म्हणजे तो आकडा जाहिरातीबरोबरच छापून आलेला असतो. माझ्या फोनवर तेरा, तुमच्या फोनवर तेरा, आज सकाळी डब्यातून काढलेल्या कोऱ्या फोनवरही तेरा.

आणि माणूस काय करतो? ‘क्लीन नाऊ’वर अंगठा टेकवतो.

या सफाईवाल्या ॲपचा इतिहास सांगायला हवा, कारण त्यातली काही नावं याच सभागृहातल्या फोनमध्ये होती. ईएस फाइल एक्स्प्लोरर हे एकेकाळी प्रत्येक फोनमध्ये असायचं. २०१९ च्या एप्रिलमध्ये ते गुगलच्या प्ले स्टोअरवरून गेलं. मालकाला न कळता पाठीमागे जाहिरातींवर खोटी टिचकी मारण्याचा आरोप त्या कंपनीच्या ॲपवर आला होता. क्लीन मास्टर, झाडूचं चित्र असलेलं, तेही २०२० च्या फेब्रुवारीत गेलं, जाहिरातींच्या गैरप्रकाराच्या कारवाईत. त्याच वर्षी २९ जूनला आपल्या केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली. सगळ्यांना त्यातलं टिकटॉक आठवतं. पण ती यादी नीट वाचा. क्लीन मास्टर, डीयू क्लीनर, डीयू बॅटरी सेव्हर, व्हायरस क्लीनर. सफाई आणि बचतीचं नाव लावलेली किती ॲप त्यात होती!

‘रॅम बूस्टर’ तर विसरूनच जा. मागे उघडी राहिलेली ॲप एकेक करून बंद केली की बॅटरी वाचते, हा समज माझ्या टेबलावर रोज येतो. अँड्रॉईडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनी २०१६ मध्येच सांगून टाकलं होतं की याने फायदा होत नाही, झालंच तर किंचित नुकसान होतं. थांबलेलं ॲप जागेवर बसून असतं. त्याला मारून पुन्हा उठवायला फोनला जास्त ताकद लागते. रॅमचा हिशोब फोनला आपल्यापेक्षा चांगला कळतो.

मग प्रश्न राहतो, केर काढायला तिजोरीची किल्ली कशाला लागते? सफाईचं ॲप मेसेज वाचायची परवानगी का मागतं? संपर्क का मागतं? आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ का मागतं?

या शब्दापाशी मी थोडा थांबणार आहे. ॲक्सेसिबिलिटी ही अतिशय चांगल्या मनाने केलेली सोय आहे. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन पडद्यावरचं वाचून दाखवतो, ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्या वतीने बटण दाबतो. माझ्या ओळखीचा एक अंध मुलगा या सोयीवर शेअर रिक्षाचे पैसे स्वतः फोनवरून देतो, कुणाला विचारावं लागत नाही. पण ही परवानगी मिळालेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या बोटाऐवजी स्वतः दाबू शकतं. तुमचा पिन वाचणार, बँकेचं ॲप उघडणार, ‘पाठवा’ दाबणार, आणि तुम्ही ॲप काढायला गेलात तर तो पडदाच बंद करणार. २०२४ च्या फेब्रुवारीत थ्रेटफॅब्रिक या सुरक्षा कंपनीने प्ले स्टोअरवरचं ‘फोन क्लीनर’ नावाने वावरणारं एक ॲप उघडकीला आणलं. बॅटरी खाणाऱ्या ॲपना झोपवायचंय, असं सांगून ते ॲक्सेसिबिलिटी मागायचं. आलं तेव्हा त्यात काहीच वाईट नव्हतं. आठवडाभराने बाहेरून नवा मजकूर आला आणि आतून ‘अनात्सा’ नावाचा बँक लुटणारा प्रोग्राम उघडला. निशाणा युरोपातल्या बँकांच्या ग्राहकांवर होता. पण रीत बघा. आधी झाडू घेऊन आत यायचं, विश्वास बसू द्यायचा, मग कपाट उघडायचं. आंधळ्याची काठी हिसकावून दरोडा घालण्यासारखं आहे हे. मला या गोष्टीची फार चीड येते.

पण आपल्या या पट्ट्यात तर बहुतेक संकटं प्ले स्टोअरवरून येतही नाहीत. ती व्हॉट्सॲपवर येतात, लग्नपत्रिका होऊन. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला अशीच पत्रिका आली. लग्नाला जरूर या, तारीख तीस ऑगस्ट. पत्रिका उघडायला बोट लावलं आणि खात्यातून १ लाख ९० हजार रुपये गेले. कधी ती पीएम किसानचा हप्ता अडकल्याची फाईल असते, कधी आरटीओच्या दंडाची, कधी वीज तोडण्याच्या धमकीची. सगळ्यांच्या नावाच्या शेवटी ती तीन अक्षरं असतात, ए-पी-के. डाउनलोडमधली ती फाईल, लक्षात ठेवा म्हटलं होतं ना, तीच ही. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे ॲप. पत्रिकेला ‘इन्स्टॉल’ करावं लागत नाही.

आत गेल्यावर ते काय करतं? आधी मेसेजची परवानगी मागतं. मग आपलं चिन्ह पडद्यावरून लपवतं. माणसाला वाटतं, फाईल उघडलीच नाही, जाऊ दे. आणि मागे ते बसून राहतं. ओटीपी आला की वाचतं आणि दुसऱ्या नंबरला पाठवून देतं. २०२५ च्या सुरुवातीला झिंपेरियम या कंपनीने भारतातल्या बँक ग्राहकांवर सोडलेले अशा ॲपचे सुमारे ९०० नमुने गोळा केले. व्हॉट्सॲपवरून एपीके, सरकारी किंवा बँकेच्या ॲपचा वेष, आणि ओटीपीची चोरी. या सगळ्या खेळात तुमच्याकडून एकच गोष्ट लागते. ‘अलाऊ’वर अंगठा.

आता कोणी म्हणेल, आम्ही शिकलेलो नाही, आम्हाला हे कसं ओळखता येणार? मी हे ऐकून घेणार नाही. पौष पौर्णिमेला आपल्या गावात खांबलिंगेश्वराची यात्रा भरते, घोंगड्यांची दुकानं लागतात, बैलबाजार भरतो. तिथे हेडी तुम्हाला सांगतो, खोंड गरीब आहे, कामाला वाघ आहे. तुम्ही त्याचं ऐकता आणि पैसे मोजता का? आधी जबडा उघडून दात बघता, दोनदाती आहे, चौसा आहे की जुळलेला. मग दहा पावलं चालवून बघता, पाय ओढतो का. खूर बघता, खांद्याला घट्टे बघता, पाठीवर हात फिरवून बिथरतो का बघता. आणि सगळं झाल्यावर रुमालाखाली बोटं धरता. ज्याला दात बघून बैलाचं वय कळतं, त्याला फोनमधलं लबाड ॲप ओळखता येणार नाही, हे मला कोणी पटवून देऊ शकत नाही. नजर तीच आहे, कुठे बघायचं तेवढं सांगतो.

दात म्हणजे परवानग्या. सेटिंग्जमध्ये ‘परमिशन मॅनेजर’ असतं. तिथे ‘एसएमएस’ उघडा. मेसेज वाचायची मुभा कोणाकोणाला आहे, सगळी नावं एका खाली एक. बँक, पैसे पाठवायचं ॲप, मेसेजचं मूळ ॲप ठीक. टॉर्चचं ॲप तिथे काय करतंय? मग ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडा. तुम्ही स्वतः ही सोय वापरत नसाल तर तिथे खाली उतरवलेलं कोणतंही ॲप चालू असता कामा नये. मग ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’. त्यात तीन जागा बघा. इतर ॲपच्या वर दिसण्याची मुभा कोणाला आहे, नोटिफिकेशन वाचण्याची कोणाला आहे, आणि अनोळखी ॲप टाकण्याची कोणाला आहे. या शेवटच्या यादीत व्हॉट्सॲप आणि ब्राउझरसमोर ‘नाही’ असलं पाहिजे. तेवढं एक केलंत तरी पत्रिकेचं निम्मं विष उतरतं.

चाल म्हणजे बॅटरी. सेटिंग्जमध्ये कोणत्या ॲपने किती बॅटरी खाल्ली ते लिहिलेलं असतं. जे ॲप तुम्ही आठवडाभर उघडलं नाही ते वरच्या नावांत का? फोन खिशात नुसता पडून असताना गरम का होतो? चारा म्हणजे डेटा. ‘डेटा यूसेज’मध्ये ‘बॅकग्राउंड’ असा वेगळा आकडा असतो. फोटो नीट करायचं ॲप रात्री दोन वाजता कुणाला काय पाठवतंय? आणि अँड्रॉईड बारापासून माइक किंवा कॅमेरा चालू झाला की वरच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका येतो. तुम्ही कॉलवर नाही, फोटो काढत नाही, आणि ठिपका आहे? पट्टी खाली ओढा, त्या ठिपक्यावर बोट ठेवा, कोण आहे त्याचं नाव येतं.

मग सगळ्या ॲपची यादी उघडा. पडद्यावरची नव्हे, सेटिंग्जमधली, कारण लपलेलं ॲप तिथेच सापडतं. नाव कोरं असेल, चिन्ह कोरं असेल, ‘सिस्टीम अपडेट’ असं साळसूद नाव असून ते काढून टाकता येत असेल, तर तिथे थांबा. खरी सिस्टीमची ॲप अशी काढता येत नाहीत. पण इथे एक उलटं सांगणंही माझं काम आहे. अनोळखी इंग्रजी नाव दिसलं की मारून टाकू नका. ‘गुगल प्ले सर्व्हिसेस’, ‘सिस्टीम यूआय’, ‘वेबव्ह्यू’ ही घराची वासे-आढी आहेत. एका मुलाने उत्साहात त्यातलं एक बंद केलं आणि वडिलांचं बँकेचं ॲप, नकाशे, सगळंच बसलं. संशय आला तर नाव लिहून घ्या, विचारा, मग हात लावा.

समजा सापडलं. समजा पैसेही गेले. तर सर्वात आधी फोन फ्लाइट मोडवर टाका, वाय-फाय बंद करा, म्हणजे आत बसलेल्याची बाहेरची तार तुटते. मग दुसऱ्याच्या फोनवरून १९३० ला फोन करा. एकोणीसशे तीस. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, आणि सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन हे तक्रारीचं संकेतस्थळ. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो. लवकर कळवलं तर वाटेत कुठेतरी तो गोठवता येतो, उशीर झाला तर कोणी तरी एटीएममधून काढून नेलेला असतो. त्याच दुसऱ्या फोनवरून बँकेलाही कळवा. हे झाल्यावर मग ॲप काढायचं. ते निघत नसेल तर ‘डिव्हाइस ॲडमिन’ची यादी उघडून तिथून त्याचा अधिकार काढा. तरी नाही निघालं तर फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू करा. बंद करायचं बटण पडद्यावर येतं ते दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये सेफ मोड येतो. त्यात बाहेरून टाकलेली ॲप उठतच नाहीत, मग काढता येतात. प्ले स्टोअरमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’ आहे, त्याने तपासणी करा. स्टार हॅश एकवीस हॅश डायल करून आपले कॉल कुणाकडे वळवलेले नाहीत ना ते बघा. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. आणि यानेही मनाचं समाधान होत नसेल तर फोटो, नंबर बाहेर काढून फोन कारखान्यातून आला तसा कोरा करा. परत भरताना जुन्या एपीके परत आणू नका.

मोफत सरकारी मदतही आहे. २०१७ च्या २१ फेब्रुवारीला केंद्र सरकारने ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केलं. तिथे फोन आणि संगणक तपासायची साधनं मिळतात, आणि त्यातली काही क्विक हील या पुण्याच्या कंपनीने दिलेली आहेत. ती कंपनी कुणाची? कैलास काटकर यांची. दहावीनंतर शाळा सुटली, कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम धरलं, पुण्यात दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांना फ्लॉपीवरून व्हायरस लागलेला असायचा. धाकटे भाऊ संजय संगणक शिकत होते, त्यांनी तो काढायचा प्रोग्राम लिहिला. त्यातून एवढं मोठं झाड झालं. मागे बसलेल्या मुलांनो, मी हे मुद्दाम सांगतोय. ते दुकान दुरुस्तीचंच होतं, माझ्या टेबलासारखं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला जड जातं. बचत गटातल्या एक मावशी माझ्याकडे आल्या. अशीच फाईल उघडली होती, खात्यातले पैसे गेले होते, आणि त्यांनी चार दिवस घरात कुणाला सांगितलं नव्हतं. चार दिवस! मी विचारलं, का हो? त्या म्हणाल्या, ‘मुलगा म्हणेल तुला फोन कळत नाही, आणि काढून घेईल.’ त्या चार दिवसांत पैसा कुठल्या कुठे गेला. लुटलं चोराने, पण उशीर कोणी करायला लावला? आपण. कॉलेजला जाणाऱ्या मुलीने काही चुकीचं दाबलं की पहिलं वाक्य काय असतं, ‘बंद कर तो फोन.’ मग ती पुढच्या वेळी सांगेल का? बापांनो, भावांनो, मी हात जोडून विनंती करतो. घरात कोणी फसलं तर तिला आधी १९३० लावून द्या. बोलायचं ते नंतर बोला, आणि शक्यतो बोलूच नका. फसवणारे दिवसभर तेवढंच काम करतात. तुम्ही भात लावता, दूध घालता, पोरं सांभाळता, आणि त्यातल्या एका क्षणी अंगठा चुकतो.

आणि तरुण पोरांना एक काम देतो. आपल्या आजीचा फोन तिच्या हातातून घेऊन भराभर काही तरी करून परत देऊ नका. त्याने आजीला काही कळत नाही, आणि उद्या दुसरा कोणी तसाच फोन मागेल तेव्हा ती त्यालाही देईल. शेजारी बसा. ‘इथे काय लिहिलंय ते वाच’ म्हणा. वाचता येत नसेल तर तुम्ही वाचा, पण दाबू द्या तिला.

बाहेर ओटीवर आम्ही दोन टेबलं मांडली आहेत. माझ्याकडे शिकणारी दोन मुलं आणि एक मुलगी तिथे बसणार आहेत, रात्री नऊपर्यंत. पैसे नाहीत. फोन त्यांच्या हातात द्यायचा नाही, ते मागणारही नाहीत. तुम्ही धरायचा, तुम्ही उघडायचा, ते फक्त कुठे बघायचं ते दाखवतील. आधी डाउनलोडचा कप्पा, मग एसएमएसची यादी, मग ॲक्सेसिबिलिटी. ज्यांची ई-पीक पाहणी अजून राहिली आहे त्यांनी रांगेत पुढे यावं, मुदत जवळ आली आहे. वरच्या पाड्यांवरच्या मावश्या अंधार पडायच्या आत निघणार आहेत, त्यांना आधी घ्या.